उसना पगार

माझ्या बायकोनं आयुष्यात कुणाकडून एक रुपया उसना घेतलेला नाही. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती संध्याकाळच्या आत परत जाते, आणि जाताना वाटी जरा जास्तच भरलेली असते. तिच्या नावावर मी तीन कर्जं काढली. तिला न सांगता. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी मला ओळखतो. नंतर लिहू म्हटलं की मी विषय बदलतो, आणि ते इतक्या सफाईनं की समोरच्याला वाटतं, आपणच बदलला.

मी हिशेब लिहिणारा माणूस. भोसरीतल्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनायचे, तिथं तरुणपणापासून अकाउंट्समध्ये होतो. मालकांच्या मुलांनी कारखाना शेजारच्या राज्यात हलवला आणि आम्हाला नारळ दिला. पन्नाशीच्या उंबऱ्यावर दुसरी नोकरी मिळते कुणाला? मला महिन्याभरात मिळाली, तीही कर्वेनगरातल्या आमच्या घराजवळ. सोसायटीतल्या लोकांनी अभिनंदन केलं. पगार आधीपेक्षा एक तृतीयांशानं कमी होता, ते कुणाला सांगायची गरज नव्हती. म्हणजे, घरी सोडून कुणाला.

बायको कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पगार तेवढाच ना हो?"

"तेवढाच," मी म्हणालो.

एवढंच. मी काही आधीपासून ठरवलं नव्हतं. खरं तर त्या प्रश्नाचं उत्तर ऐकून घ्यायला ती थांबलीसुद्धा नव्हती. लगेच म्हणाली, तेलाची बाटली द्या जरा. मी 'नाही गं, कमी आहे' असं म्हणालो असतो, तर तिनं त्याच दिवशी सगळं बसवून दिलं असतं. दुधाचं माप, केबल, दिवाळी. तिला ते येतं. मला ते तिच्याकडून करून घ्यायची लाज वाटली. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. एक तारखेला मी ठरलेली रक्कम रोख तिच्या हातात द्यायची. ती लग्नाच्या आमंत्रणांची जुनी पाकिटं जपून ठेवते; त्यांत दूध, भाजी, गॅस, मुलीची फी असे भाग करायची आणि महिना त्यातच काढायची. पाकिटाबाहेर खर्च नाही म्हणजे नाही. सोसायटीतल्या बायका थायलंडला गेल्या तेव्हा ही गेली नाही. "माझ्या पाकिटात थायलंड मावत नाही," असं तोंडावर सांगून आली. मुलगी तिला अर्थमंत्री म्हणायची. महिनाअखेरीला उरलेले पैसे ती पोस्टात टाकायची आणि मला खुशीत सांगायची, "बघा, याही महिन्यात उरले."

नव्या नोकरीनंतरही ती रक्कम मी एका रुपयानं कमी केली नाही. जी तूट पडायची ती क्रेडिट कार्डातून काढायचो. पहिल्या कार्डाचं भरायला दुसरं, दुसऱ्याचं भरायला मोबाइलवरचं कर्ज. व्याज किती पडतंय हे मला शेवटच्या पैशापर्यंत कळत होतं. तोच तर माझा धंदा. आणि त्या पैशातून ती काटकसर करून पोस्टात साठवत होती, तिथल्या व्याजानं. मी ऑफिसात दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढत होतो.

दीड-दोन वर्षांत माझा क्रेडिट स्कोअर इतका खाली आला की कर्जाची अॅप मला दारातूनच परत पाठवायला लागली. एका सकाळी ऑफिसला जायला निघालो असताना बुटाची नाडी बांधता बांधता मला आठवलं, की या घरात आणखी एक माणूस आहे, आणि त्या माणसानं आजवर कुणाचं काही देणं ठेवलेलं नाही. सदाशिव पेठेत तिच्या वडिलांची दोन खोल्यांची जागा तिच्या नावावर होती, त्यात विद्यार्थी भाड्यानं राहत होते, त्या भाड्याचं विवरणपत्र मीच भरायचो. तिचे सगळे कागद माझ्याच कपाटात होते.

ते दिवस असे होते की जो तो केवायसी मागत होता. बँक, गॅस, सिमकार्ड, पोस्टसुद्धा. रविवारी दुपारी मी तिला म्हणालो, "अगं, बँकेचं केवायसी करायचंय, दोन मिनिटं कॅमेऱ्यात बघ."

तिनं आत जाऊन साडी बदलली. टिकली सरळ केली. फोन मी तिच्या समोर धरला.

"हसू का?" तिनं विचारलं.

"नको. सांगतील तसं कर."

फोनवर सूचना आल्या. मान डावीकडे वळवा. उजवीकडे वळवा. डोळे मिटा, उघडा. तिनं शाळेतल्या पोरांसारखं सगळं मन लावून केलं. ती बालवाडीत शिकवते. पोरांकडून असंच करून घेते. "झालं? पासपोर्टच्या फोटोपेक्षा बरी आले असेन," म्हणत ती चहा टाकायला गेली. चहा उकळायच्या आत कर्ज मंजूर झालं होतं. पैसे आमच्या जॉइंट खात्यात आले, आणि एक तारखेला तेच पैसे काढून मी तिच्या हातात ठेवले. पगार म्हणून.

तीनदा केलं मी हे. तिसऱ्या वेळी तिनं साडी बदलली नाही.

वसुलीवाले तिला फोन करणार हे उघड होतं. तिच्या फोनमध्ये नाव नसलेल्या सगळ्या नंबरांना मी गप्प करून टाकलं. "हल्ली फसवणुकीचे फोन फार येतात," असं तिला सांगितलं. तिला ते इतकं पटलं की जिन्यात भेटेल त्या बाईला सांगायची, ह्यांनी मला कसं सुरक्षित करून दिलंय. दोघीतिघी त्यांचेही फोन घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनाही करून दिलं. मग हप्ते चुकायला लागले. तिच्या फोनवर रोज काहीतरी येऊन आवाज न करता जात होतं, आणि तो फोन ओट्यावर मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी पडलेला असायचा. मी जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो.

त्या उन्हाळ्यात मुलीला बंगळूरुला डिझाइनच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी आमच्या आवाक्याबाहेरची. शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं आणि त्याला सहकर्जदार लागणार होता. बायको पेढे वाटून आली आणि म्हणाली, "मी राहते ना. भाड्याचं उत्पन्न आहे, जागा आहे, आणि माझ्यावर कुणाचा रुपया नाही. बँकवाले पायघड्या घालतील."

मी म्हणालो, मी बघतो. दुसऱ्या बँकेत चौकशी करतो. तुला कशाला त्रास. असं करता करता तीन आठवडे घालवले. घरात बॅग आली, रजया धुऊन झाल्या, मुलीनं तिथल्या हॉस्टेलची खोली पसंत केली. मी रोज संध्याकाळी सांगायचो, साहेब रजेवर आहेत. शेवटी बायकोच म्हणाली, "तुमचे साहेब काय तीर्थयात्रेला गेलेत का?" आणि मला घेऊन सदाशिव पेठेतल्या त्या शाखेत गेली, जिथं तिच्या वडिलांचं खातं होतं.

अधिकारी तिशीतला, नम्र. कागद पाहिले, संगणकात काही टाइप केलं, थांबला. पुन्हा केलं.

"काकू, तुमच्या नावावर आधीची तीन कर्जं दिसतायत."

बायको हसली. "नाव नीट वाचा. या पेठेत माझ्या नावाच्या चारजणी सापडतील."

"पॅन नंबर तुमचाच आहे. दोन कर्जं थकलेली आहेत. स्कोअर फारच कमी आहे हो. असं असताना आम्हाला..."

"हे बघा," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गातला झाला, "मी दुधाचं बिलसुद्धा आगाऊ देते. तुमच्या त्या मशीनला चष्मा लागला असेल तर तो बदलून घ्या. मी कर्ज घेतलं असतं तर मला माहीत नसतं का? अहो, तुम्ही सांगा ना यांना!"

हे शेवटचं मला होतं. मी म्हणालो, "काहीतरी घोटाळा असेल."

अधिकारी अदबीनं म्हणाला, असं हल्ली होतं, कागदपत्रं चोरून कुणीतरी कर्ज काढतं. सायबर पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत कर्ज देणाऱ्यांना पाठवा, चौकशी होऊन तुमचं नाव मोकळं होईल. तोवर प्रकरण पुढे नेता येणार नाही. बायको उठली. दारापाशी येऊन तिनं माझा दंड धरला. "कोण मेला असेल हो," ती म्हणाली. "माझ्यासारखीला धरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला स्कूटरवरून सायबर पोलिसांकडे घेऊन गेलो. वाटेत कुठंही थांबवून सांगता आलं असतं. प्रत्येक सिग्नलला मी ठरवत होतो आणि प्रत्येक सिग्नल सुटत होता.

टेबलामागे चष्मा लावलेल्या एक पोलीस बाई होत्या. बायकोनं अर्ज पुढे केला, रात्री बसून सुवाच्य अक्षरात लिहिलेला. बाईंनी तो वाचला आणि रोजचे प्रश्न असावेत तसे एकामागून एक विचारायला सुरुवात केली. मला खुर्ची होती, पण मी उभाच होतो.

"फोन हरवला होता का?"

"नाही."

"अनोळखी लिंक उघडली?"

"मी ओळखीच्यासुद्धा उघडत नाही."

"आधारची झेरॉक्स कुणाला दिली?"

"गॅसवाल्याला. तीसुद्धा आडवी रेघ मारून, कशासाठी दिली ते वर लिहून."

बाई किंचित हसल्या. "ओटीपी कुणाला सांगता?"

"कुणालाही नाही. शाळेत सगळ्यांना मीच बजावत असते."

"घरात?"

"घरात काय, ह्यांनाच."

आमच्या घरी हे इतक्या वेळा व्हायचं की त्याला काही अर्थच उरला नव्हता. तिचा फोन वाजायचा, ती स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, ओटीपी आला बघा, आणि हात ओले असले तर मुलीला वाचायला लावायची. पोरगी गाण्याच्या चालीवर आकडे म्हणायची. मी बाहेरच्या खोलीत ते टाइप करायचो.

बायकोलाही तेच आठवलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या स्वतःच्या अर्जाकडे पाहत राहिली. पोलीस बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "काका, बसा की."

मी बसलो.

"ताई, आम्ही नंतर येतो," बायको म्हणाली.

"हा अर्ज इथं राहू दे?"

"नको. द्या इकडे."

पार्किंगमध्ये तिनं विचारलं, का. मी सांगितलं, पगार कमी झाला होता. कधी? नोकरी बदलली तेव्हाच. ती मनातल्या मनात हिशेब करत असावी. मग म्हणाली, "म्हणजे मी पोस्टात कर्ज साठवत होते." मी स्कूटरची किल्ली काढली. ती रिक्षानं घरी गेली.

घरी गेल्यावर तिनं मुलीला सगळं सांगितलं, माझ्यासमोर, आवाज न चढवता. मुलगी म्हणाली, "मग दे ना तक्रार. तुझं नाव तरी सुटेल."

"वडील आहेत तुझे."

"हो ना. मला वाटलं होतं, चोर बाहेरचा असेल."

बायकोनं तिला गप्प केलं. म्हणाली, "नवऱ्याचं नाव मी पोलिसात लिहून देणार नाही. त्यांचं त्यांनी जाऊन लिहून द्यावं. 'हे कर्ज माझं आहे, हिला यातलं काही ठाऊक नव्हतं', एवढंच."

"जाशील, बाबा?" मुलीनं विचारलं.

"जाईन."

"कधी?"

"उद्याच."

इथवर मी जे लिहिलं ते सगळं एका बाजूला ठेवलं तरी चालेल. कर्जाचं लोक समजून घेतात. माणूस अडचणीत येतो, पाय घसरतो. यापुढचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, निघालो. सायबर पोलिसांच्या फाटकापर्यंत गेलो. आतून एक हवालदार कुणाला तरी हाताला धरून गाडीकडे नेत होता. त्या माणसाच्या पायात ऑफिसचे बूट होते. माझ्या मनात आलं, पोलिसात असा जबाब दिलेल्या माणसाला हिशेबाच्या खुर्चीत कोण बसू देईल? नोकरी गेली तर हप्ते तरी कुठून भरायचे? हे सगळं त्या दोघींच्याच भल्यासाठी आहे, असं मी स्वतःला बऱ्यापैकी पटवलं. स्कूटर वळवली, तळजाईच्या टेकडीवर जाऊन बसलो, आणि दुपार कलल्यावर घरी आलो.

"झालं?" बायकोनं दारातच विचारलं.

"झालं. वेळ लागतो म्हणाले."

वेळ लागतो, हे वाक्य मला जिना चढताना सुचलं.

मुलीनं कॉलेजकडून मुदत मागून घेतली. पंधरा दिवस मिळाले. ते पंधरा दिवस ती आईच्या फोनवर स्कोअर बघत होती. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, मधेच. बघायची आणि फोन खाली ठेवायची. मी समोर पेपर वाचत असायचो. एकदा तिनं मला विचारलं, "बाबा, त्यांनी नक्की किती दिवस म्हटलं होतं?" मी म्हणालो, "सरकारी काम गं." मुदत संपली, तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. बायकोनं रजया परत माळ्यावर टाकल्या.

मुलीनं इथंच नोकरी धरली आणि मैत्रिणीबरोबर कात्रजला खोली घेतली. "ऑफिस जवळ पडतं," म्हणाली. तिचं ऑफिस आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं आहे. पूर्वी मला अरे-तुरे करायची. आता फोनवर 'तुम्ही जेवलात का' विचारते. ऐकणाऱ्याला वाटेल, किती मर्यादशील मुलगी.

सदाशिव पेठेतल्या खोल्यांचं भाडं आता हप्त्यांना जातं. मी खरा पगार, जेवढा आहे तेवढा, बायकोच्या हातात ठेवतो. त्या वेळी ती विचारायची, "काही बदललं का हो?" मी म्हणायचो, वेळ लागतो. सुरुवातीला ती मान हलवायची. दिवाळीनंतर तिच्या प्रश्नांना फाटे फुटायला लागले.

"तुम्ही जबाब दिलात तेव्हा कोण होतं हो टेबलाला?"

"त्याच. चष्मेवाल्या बाई."

"हो का?" तिनं पाकिटावर 'गॅस' लिहिलं, टोपण लावलं. "त्यांची तर आपण जाऊन आलो त्याच संध्याकाळी बदली झाली म्हणे."

मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणी असतील, चष्मा होता एवढं आठवतं. ती म्हणाली, असतील. ती पुढच्या महिन्यातही विचारत राहिली, त्याच सुरात. कधी, "लिहून घेतलं की तुम्ही लिहून दिलं?" कधी, "पोच दिली असेल ना त्यांनी? बघा बरं, कुठं ठेवलीत." मी शोधायचो. खरोखर कपाट उघडून, फायली खाली काढून शोधायचो, आणि ती दारात उभी राहून बघायची. "नाही सापडत?" म्हणायची. "असू दे. जेवायला चला." तिनं एकदा तरी भांडावं, असं मला वाटायला लागलं. ती वाढायची तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो.

गेल्या महिन्यात ती मेथी निवडत बसली होती. पगार मी शेजारी ठेवला.

"काही बदललं का हो?"

"मी गेलोच नव्हतो," मी म्हणालो.

तिचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मला वाटलं, ऐकलं नसावं. पुन्हा म्हणालो, "फाटकातूनच परत आलो. त्या पंधरा दिवसांत गेलो असतो तर कदाचित..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधी जाऊन विचारून आले मी. तुमच्या नावाचा कागदसुद्धा नाही त्यांच्याकडे."

"मग विचारत का होतीस?"

"तुम्ही केव्हा सांगता ते बघत होते."

ती उठली, हात धुतले, पुसले, आणि मुलीला फोन लावला. "बोलले गं," एवढंच म्हणाली. स्पीकरवर मुलीचा आवाज आला. शांत होता, बँकेतल्या त्या अधिकाऱ्यासारखा. "ठीक आहे. उद्या मी रजा टाकते. त्यांना म्हणावं, आधार, पॅन, जॉइंट खात्याचं स्टेटमेंट, सगळं बरोबर ठेवा. आणि ऑफिसात सांगून ठेवायचं असेल तर आजच सांगा."

बायकोनं फोन ठेवला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"आम्ही दोघी बरोबर येतोय," ती म्हणाली. "आतपर्यंत."